पडवीतला गरम डबा

डब्यावर तो हात ठेवायचा तो उलटा. तळहात नाही, मागची बाजू. पोराच्या कपाळाला लावून ताप बघतो तशी. मग मान हलवायची आणि म्हणायचं, "गरम आहे. चांगलं आहे."

पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, हा माणूस जरा कमी आहे. यंत्र तापलं की लोक घाबरतात, पंखा लावतात, बंद करतात. याला आनंद व्हायचा. तुम्हीही असा एखादा पाहिला असेल. सगळ्या गावाचं जिकडे तोंड, याचं त्याच्या उलट.

समोर मी त्याला तुम्हीच म्हणायचे. लिहिताना तो म्हणते, कारण वयाने माझ्याहून लहान होता, आणि उगाच आदर दाखवायला मला जमत नाही.

आमच्या गावाला लागून असलेल्या एव्हरशाईन सिटीत त्याचा फ्लॅट. मूळचा कोकणातला, मुंबईत कुठल्याशा कचेरीत नोकरी करून निवृत्त झालेला. त्याने स्वतःच्या हाताने एक ॲम्प्लिफायर बनवला होता. ॲम्प्लिफायर म्हणजे काय ते सांगते, मलाही आधी माहीत नव्हतं. माईकमधून येणारा आवाज मुंगीएवढा असतो. त्याला स्पीकर हलवण्याइतकं बळ द्यायचं काम हा डबा करतो. याचा डबा बळ द्यायचाच, पण सोबत शेगडीसारखा तापायचा. फ्लॅटच्या हॉलमध्ये एका बाजूला एसी आणि दुसऱ्या बाजूला हा. एका उन्हाळ्यात त्याच्या बायकोने सांगून टाकलं, "या घरात एकतर हा तापेल, नाहीतर मी."

म्हणून तो स्कूटर घेऊन आमच्या गावात जागा शोधत आला. आमचं गाव खाडीकडे. भाताची खाचरं थोडी उरली आहेत, बाकी बिल्डिंगी. माझ्या घराला पडवी आहे. पूर्वी तिथे भाताची कणगी असायची. कणगी गेली, पडवी रिकामी होती.

"मावशी, पडवी भाड्याने द्याल का?"

"कशाला पायजे?"

"गाणी ऐकायला."

"दारू?"

"छे हो."

"बाई?"

तो कानापर्यंत लाल झाला. "मावशी, मला बायकोनेच पाठवलंय."

मी दुसऱ्या दिवशी त्याच्या बायकोला जाऊन विचारून आले. ती म्हणाली, "घ्या हो ठेवून. उपकार होतील." मग मी पडवी दिली.

डबा टेम्पोतून आला. उतरवताना दोन हमालांचे डोळे बाहेर आले. एकाने विचारलं, "काका, आत वरवंटे भरलेत काय?" काळा, चौकोनी, आणि दोन्ही बाजूंना लोखंडी पट्ट्यांच्या ओळी, माशाच्या कल्ल्यांसारख्या. तो म्हणाला, कल्लेच आहेत ते, त्यातूनच उष्णता बाहेर जाते. पहिल्याच दिवशी आमची मांजर त्यावर जाऊन झोपली. मला वाटलं होतं तसा त्याला राग आला नाही. "तिला कळलं," एवढंच म्हणाला.

रोज सकाळी नाश्ता करून यायचा. चटई टाकायची, डबा चालू करायचा, उलटा हात ठेवायचा, गाणं लावायचं. मी ओट्यावर भाजीच्या जुड्या बांधत बसलेली असायचे. मी काही बोलायला तोंड उघडलं की बोट वर करायचा. "ऐका. नुसतं ऐका." माझ्याच घरात मला गप्प करणारा नवऱ्यानंतर हाच.

एकदा मी विचारलंच. "एवढी वीज खातो, एवढा तापतो, मग याच्यात असं काय हाय?"

झालं. माणूस चटईवर मांडी घालून बसला. त्याने सांगितलं ते असं. आवाज म्हणजे लाट. अर्धी वर, अर्धी खाली. हा त्याचा डबा ए क्लासचा. यात एकच गडी वरची अर्धी लाट उचलतो आणि खालचीही तोच उचलतो. कधी बसत नाही, कधी झोपत नाही. गाणं असो नसो, पूर्ण ताकद लावून उभा.

"म्हणून हा गप्प असतानाच जास्त तापतो, मावशी. गायला लागला की थोडं बळ स्पीकरकडे जातं, तेवढा निवतो."

"म्हंजे आमच्या जाऊबायसारखा. ती गप्प बसली की समजायचं, तापलीय."

तो हसला आणि पुढे गेला. बी क्लासमध्ये दोन गडी. एक वरची लाट ओढतो तोवर दुसरा झोपतो, मग दुसरा उठतो आणि पहिला झोपतो. वीज वाचते, डबा कमी तापतो.

"मग वाईट काय? आराम सगल्यांनाच लागतो."

"झोपलेला माणूस हाकेसरशी उठतो का? उठेपर्यंत मधे खड्डा पडतो. त्या खड्ड्यात आवाज चिरतो."

हे मात्र मला लगेच कळलं. "उखळात दोघी कांडतात तसं," मी म्हटलं. "एकीचं मुसळ खाली, तवा दुसरीचं वर. दुसरी झोपाळू असली की ठोका हुकतो आणि तांदळाची कनी होते."

"मग काय करायचं?"

"करायचं काय! पैलीचं मुसळ टेकायच्या आधीच दुसरीने हात लावायचा. दोघींनी थोडं थोडं जागं राहायचं."

तो उभाच राहिला. मांजर दचकून खाली पडली. "मावशी, हाच एबी क्लास! जगात बहुतेक चांगले डबे असेच. दोन गडी, पण दोघेही पुरते झोपत नाहीत."

पुढे एकदा त्याचे बिल्डिंगमधले दोन मित्र आले होते. मी बाहेर लसूण सोलत होते. आतून ऐकू आलं, "समजा, दोन बायका कांडताहेत..." अगदी स्वतः जन्मभर भात कांडल्यासारखा सांगत होता. मी दारात जाऊन उभी राहिले. मला बघून म्हणाला, "हे मावशींचं आहे." मित्र निघून गेल्यावर मी त्याला विचारलं, मला बघितलं नसतं तर काय म्हणाला असता? तो म्हणाला, "माझं आहे म्हणालो असतो." खोटं बोलत नसे, हे एक बरं होतं.

सी क्लास आपल्या कामाचा नाही म्हणे, तो वायरलेसला. आणि डी क्लासचं नाव काढलं की भातात खडा लागल्यासारखं तोंड करायचा. "डीमध्ये गडीच नाही. ते नुसतं बटण आहे. चालू-बंद, चालू-बंद, सेकंदाला लाखो वेळा. त्या चालू-बंदमधून गाळून आवाज काढायचा. तापत नाही, वजन नाही, वीज खात नाही."

"मग चांगलाच म्हनायचा."

"थंड असतो, मावशी. थंड वस्तू गाईल का?"

मी चौथी शिकलेली, मला यातलं काय कळणार. पण मला वाटलं, थंड डोक्याची माणसंही गातात. बोलले नाही.

आता माझ्या थोरल्या जावेचं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिच्यावरून घडलं.

आमच्यात धवलारीण गायल्याशिवाय हळद लागत नाही. धवलारीण म्हणजे धवले गाणारी बाई. धवल्यातून देवांना बोलवायचं, पितरांना बोलवायचं, वेशीला, विहिरीला, खाडीला आवतण द्यायचं, मग मुलीच्या अंगाला हळद. माझी जाऊ गावची धवलारीण आणि मी तिची जोडीदारीण. ती ओळ म्हणते, मी उचलते. तिची ओळ संपायच्या आतच मी तिचा शेवटचा शब्द धरते. मधे फट राहिली तर समोरच्या म्हाताऱ्या भुवया वर करतात. तरुणपणी आमचं एकमेकींशी पटायचं नाही. भांडून अबोला असायचा तेव्हाही हळदीला उभ्या राहिलो की फट पडायची नाही.

पण जावेला छातीचं दुखणं झालं आणि आवाज दोऱ्यासारखा बारीक होऊन बसला. सूर होता, बळ गेलं. पूर्वी तिला माईक लागत नसे, आता माईकशिवाय पुढची रांगही ऐकत नव्हती. गावातल्या एका लग्नात मांडववाल्याच्या जुन्या डब्यावर तिने गाऊन बघितलं. माझा आवाज बरा आला. तिचा आवाज कुणी पत्र्यावर नख ओढावं तसा आला. पोरं हसली. ती मधेच थांबली, आणि त्यानंतर कुणाच्याही हळदीला गेली नाही.

आणि मग तिच्या स्वतःच्या नातीचं लग्न ठरलं.

जाऊ माझ्याकडे जुड्या बांधायला यायची. त्या दिवशी जुडी हातात तशीच धरून म्हणाली, "माज्या नातीच्या कानात माजा धवला गेला पायजे. मंग आवाज पुरता गेला तरी चालंल."

"अगो, माईक हाय ना."

"त्या माईकवर लोकं हसली ती इसरलीस?"

तो पडवीत बसून ऐकत होता. त्याने गाणं बंद केलं. आयुष्यात पहिल्यांदा त्याने आपणहून गाणं बंद केलेलं मी पाहिलं. बाहेर येऊन म्हणाला, "मोठ्या मावशी, तुमच्या आवाजाचा दोष नव्हता. तो डबा जुना होता, त्याचे दोन्ही गडी झोपाळू. मोठ्या आवाजाला खड्डा कळत नाही, ट्रकला कळत नाही तसा. बारीक आवाज म्हणजे सायकल. खड्डा तिलाच लागतो."

जावेने माझ्याकडे बघितलं. मी सांगितलं, "कांडनातला हुकलेला ठोका." तिला कळलं.

त्याने तिला पडवीत नेलं आणि समोर माईक धरला.

"हे काय धरलंय माज्या तोंडासमोर?"

"गा मोठ्या मावशी. नुसतं गा."

तिने बिचकत एक ओळ म्हटली. स्पीकरमधून ती ओळ बाहेर आली. बारीकच होती, पण अख्खी होती, कुठे चिरलेली नव्हती. जावेने मागे वळून बघितलं.

"ही कोन?"

"तूच गो."

"माजा आवाज असा हाय?"

"असाच हाय."

"मंग बरा हाय," ती म्हणाली आणि पुढची ओळ घेतली. मी दारातूनच उचलली. त्याने डोळे मिटले आणि मांजरीला म्हणाला, "ऐक. नुसतं ऐक." ओळ संपल्यावर आमच्याकडे बोट दाखवून म्हणाला, "खड्डा नाही. दोघींत कुठेही खड्डा नाही."

ठरलं. नातीच्या हळदीला धवला याच्या डब्यावर.

पण हळदीला डीजेही ठरलेला होता. माझ्या भावाचा मुलगा संतोष नालासोपाऱ्याला राहतो, त्याचा धंदाच तो. चांगला बाप्या आहे, पण त्याचं यंत्र वाजलं की पोटातला भात उडतो. तो मांडव बघायला आला आणि याचा डबा बघून त्याला हसू आवरेना.

"काका, हा ॲम्प्लिफायर आहे की गिझर?"

"आणि तुझा हा कसला? पोह्यांचा डबा?"

संतोषचा डबा खरंच तेवढाच होता. एका हाताने उचलायचा. डी क्लासचा. "काका, या पोह्यांच्या डब्यावर अख्खं गाव नाचतं."

"नाचेल. ऐकतं कोण?"

"आत्या, यांना सांग ना, जमाना कुठे गेला."

मी म्हटलं, "जमान्याला मी काय सांगनार? जावेला विचार."

जावेने निकाल दिला. "आधी धवला. मंग तुमचं धडाम-धुडूम."

हळदीच्या दिवशी ऊन उतरता उतरता मांडव भरला. याने डबा मेढीजवळ स्टुलावर ठेवला होता, चारी बाजूंनी मोकळा. दोन स्पीकर, दोन माईक. अंगणापुरता आवाज, जास्त नाही. सकाळपासून तो तीनदा कपडे बदलल्यासारखा त्या वायरी बदलत होता. जाऊ नवं लुगडं नेसून बसली होती. घोटभर कोमट पाणी प्यायची आणि घसा खाकरून बघायची. नात पिवळ्या साडीत पाटावर बसली.

मांडवाच्या मागच्या बाजूला एका स्पीकरची वायर कुणाच्या तरी पायात येत होती. ती वर बांधायला तो गेला. तेवढ्यात आमच्या बायकांनी घोळ केला.

आमच्यात नवी वस्तू शुभकार्यात आली की तिला हळदकुंकू लागतं. घंगाळ असो, पाटा असो, जावयाची मोटारसायकल असो. मेढीशेजारी हा काळा, उघडाबोडका डबा बायकांच्या डोळ्यांत खुपत होता. कुणीतरी कोरं लुगडं चौघडी करून त्यावर घातलं. चारी बाजूंनी खाली सोडलं, छान चुण्या केल्या. वर तांदूळ, तांदळावर नारळ, नारळाला हळदकुंकू. जावेने स्वतः फूल ठेवलं. मीही बघितलं. मला शोभून दिसलं. कल्ल्यांचं माझ्या ध्यानातच आलं नाही.

धवला सुरू झाला. जावेची पहिली ओळ मांडवभर गेली. पोरं गप्प झाली, म्हाताऱ्या सरसावून बसल्या. मी उचलली, तिने उचलली, मी उचलली. गावदेवी झाली, वेस झाली. विहिरीला आवतण देत होतो तेव्हा मला वास आला. इस्त्रीखाली कापड राहिलं की येतो तसा, नव्या कापडाच्या खळीचा. जावेने खाडीचं नाव घेतलं आणि स्पीकर एकदम गप्प झाले.

तिचे ओठ हलत होते. ऐकू काही येत नव्हतं.

तो धावत आला. लुगडं ओढलं, नारळ गडगडत पाहुण्यांच्या पायाशी गेला. डब्याला उलटा हात लावला आणि चटका बसून मागे घेतला. इतका तापलेला त्यालाही चालत नव्हता.

"कोणी झाकलं हे?"

"आमी," जाऊ म्हणाली. "पूजा केली त्याची."

पूजा करणाऱ्याला काय बोलणार? खाली बसून तो म्हणाला, "जळलेला नाही. फार तापलं की वीज तोडणारा एक रखवालदार आत बसवलाय, त्याने तोडली. पण आता निवायला वेळ लागेल, मोठ्या मावशी. बराच."

धवला मधेच तुटला तर पहिल्यापासून म्हणावा लागतो. जावेजवळ दम होता तो एका वेळेपुरता. मागून पोरांनी शिट्ट्या सुरू केल्या, "डीजे लावा, डीजे!" जावेने माईक खाली ठेवला आणि तसाच सुरू केला. समोर पाटावर बसलेली नात पुढे वाकली, कानामागे हात लावला, तरी तिला ऐकू जात नव्हतं. ते जावेने बघितलं. ती थांबली.

संतोष गर्दीतून आला. हातात पोह्यांचा डबा. हसत नव्हता. "काका, हा जोडा."

"नको."

"का?"

"मोठ्या मावशींचा आवाज बारीक आहे. यात चिरला तर? परत हसतील लोक त्यांना."

खरं होतं त्याचं. त्याला स्वतःच्या डब्याचा मान नको होता, जावेचं पुन्हा हसं होईल याची भीती वाटत होती. पण ती माईक टाकून उभी होती आणि दिवस मावळतीला लागला होता. मी म्हटलं, "भाऊ, हसतील तर हसतील. न गाता बसली तर ती जन्मभर बसंल. जोडा."

त्याने जोडला. आधीचेच स्पीकर, आधीचेच माईक, मधला डबा तेवढा बदलला. मग संतोषला म्हणाला, "ते खालचं घूं-घूं करणारं बटण शून्यावर आण."

"काका, बेस काढला तर राहिलं काय?"

"म्हातारी राहिली. आण शून्यावर."

जावेने दोन घोट पाणी प्यायलं. पहिल्यापासून सुरू केलं.

मी गात होते, त्यामुळे मला सगळं बघता आलं नाही. जाऊ ओळ म्हणत असे तेवढ्या वेळात मी त्याच्याकडे बघायचे. तो स्पीकरजवळ उकिडवा बसला होता, डोळे मिटून, खड्ड्याची वाट बघत. गावदेवी झाली. वेस झाली. विहीर, खाडी झाली. मग पितरांची जागा आली. तिथे आवाज उतरवायचा असतो, अगदी पुटपुटल्यासारखा, कारण पितरांना हाका मारायच्या नसतात. तिथे त्याने कान जवळजवळ स्पीकरला चिकटवला. जावेचा तो एवढासा आवाज बाहेर आला. दोऱ्याएवढाच, पण कुठे तुटलेला नाही. मी तिचा शेवटचा शब्द धरला.

तेव्हा त्याने सवयीने संतोषच्या डब्यावर उलटा हात ठेवला. काढला. परत ठेवला.

धवला पुरा झाला. नातीला हळद लागली. आणि एक गोष्ट आम्हा दोघींना त्या दिवशी कळली. आम्ही गात होतो तेव्हा पोरगी पाटावर बसून ओठ हलवत होती. धवला तिला पाठ होता. कधी केला, कुणी शिकवला, काही माहीत नाही. जावेने विचारलं तर म्हणाली, "आजी, तू भांडी घासताना गायचीस की."

डीजेचं धडाम-धुडूम सुरू झालं तेव्हा तो माझ्याकडे आला. चेहरा असा, की जन्मभर नावं ठेवलेल्या सुनेच्या हातची आमटी चांगली निघावी.

"मावशी, थंड आहे."

"मंग?"

"थंड आहे आणि गातोय."

"शिलाई मशीनची टीप बघितलीय कधी? टाका-टाका सुटा असतो. लांबून बघा, अख्खी रेघ. तुमचा डी तसाच असंल."

तो माझ्याकडे बघतच राहिला. "हे तुम्ही मला आधी का नाही सांगितलंत?"

"आधी तुमी तोंड वाकडं करून बसला होता."

मग तो स्वतःशीच बोलल्यासारखा बोलला. डीजेचा आवाज वाईट लागतो तो डीमुळे नाही, बेस भरमसाट ठेवतात म्हणून. आणि संतोषने चांगल्यातला घेतला होता म्हणून निभावलं, कसलाही स्वस्त डबा असता तर फसलो असतो. हे दुसरं वाक्य त्याने दोनदा म्हटलं. माणसाला पाठ टेकायला थोडी जागा लागतेच.

जावेनेही तिचं मत सांगितलं. "भाऊंचा डबा बरा हाय, पन लाजरा हाय. लुगडं नेसवलं की बोलत नाय."

त्यानंतर संतोष नालासोपाऱ्याहून पडवीत यायला लागला. येताना आपला डबा आणायचा. दोघं पाठ करून बसायचे, मी वायर इकडची तिकडे करायची आणि त्यांनी ओळखायचं, आता कुठला वाजतो. कधी हा बरोबर, कधी तो, कधी दोघंही चुकायचे आणि तासभर भांडायचे. जाऊ मात्र कधी चुकली नाही. ती डब्याला पाय लावून बसायची. "यो गरम," म्हणायची. दोघं ओरडायचे, असं चालत नाही. ती म्हणायची, "का नाय चालत? मला गुडघ्याला बरं वाटतं."

डीला तो आता नावं ठेवत नव्हता. तरी सकाळी आला की आपलाच डबा चालू करायचा. मी विचारलं, दोन्ही सारखेच तर हाच कशाला? तो म्हणाला, "याला माहीत आहे मी आलोय ते."

मग तो गेला. असं लिहिलं की वाचणाऱ्याला वाटतं, माणूस वारला. तसं काही नाही. नाशिकला गेला, मुलीकडे. बायकोला जिने चढवत नव्हते आणि मुलीच्या बिल्डिंगची लिफ्ट चांगली आहे. जाताना संतोषने त्याला तळहाताएवढा एक डी क्लासचा डबा दिला. मोठा डबा न्यायचा प्रश्नच नव्हता. त्याच्या बायकोने आधीच हात जोडले होते.

"मावशी, हा इथेच राहू दे. फक्त आठवड्यातून एकदा चालू करा. बंद राहिला की आतले कपॅसिटर सुकतात."

"ते काय असतं?"

"लोणच्याच्या बरणीसारखं. अधूनमधून हलवावं लागतं."

तेवढं मला कळलं.

म्हणून रविवारी सकाळी मी बटण दाबते. गाणं लावत नाही, ते मोबाईलमधून काय काय करावं लागतं ते मला जमत नाही. नुसता चालू ठेवते. डबा गप्प उभा असतो आणि तापत जातो. मांजर येते. जाऊ काठी टेकत येते आणि गुडघे डब्याकडे करून बसते. तिचा आवाज आता पुटपुटण्यापुरता राहिला आहे. गावात धवल्याला नात उभी राहते, माहेरी बोलावून आणतात तिला. मी अजून तिची ओळ उचलते.

त्याचा फोन त्याच वेळेला येतो. मी फोन स्पीकरवर टाकते, जावेलाही ऐकू जावं म्हणून.

"मावशी, लावला?"

"लावला."

"काय वाजतंय?"

"काय नाय. नुसता चालू हाय."

"हात ठेवा बरं. उलटा."

मी ठेवते. एवढ्या वर्षांत माझाही हात आपोआप उलटाच जातो.

"गरम हाय," मी सांगते, आणि माझं बोलणं संपायच्या आत, त्याला बोलायला जागाच न ठेवता, मागून जाऊ उचलते.

"चांगलं हाय."